रिपोर्टात गादी सरकलीय, पण दुखतंय तिच्यामुळेच का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आईंचं वय 58, दीड महिन्यापासून कंबर दुखतेय आणि डाव्या पायात खालपर्यंत कळ जाते. उजवा गुडघा गेल्या वर्षी बदललाय. इचलकरंजीत एमआरआय केला, त्यात 'एल-4-5 आणि एल-5-एस-1 ला डिफ्यूज डिस्क बल्ज, थीकल सॅकवर दाब, दोन्ही बाजूंच्या फोरामिना अरुंद, एल-3 मध्ये हिमँजिओमा' असं आलं. (एल म्हणजे कमरेचे मणके, एस-1 त्यांच्या लगेच खालचा. डिस्क म्हणजे दोन मणक्यांमधली गादी, तिलाच चकती म्हणतात, आणि बल्ज म्हणजे तिचा फुगवटा. थीकल सॅक म्हणजे शिरांभोवतीची पिशवी, फोरामिना म्हणजे शिरा बाहेर पडायच्या फटी.) शेजारी म्हणतात ऑपरेशन करून मोकळे व्हा. तुम्ही चार गोष्टी विचारल्यात: हे कितपत गंभीर आहे, पुण्याला नेऊन 3 टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचं माप) मशीनवर पुन्हा करावा का, गुडघ्यातल्या धातूमुळे काही बिघडलं असेल का, आणि फंक्शनल एमआरआयमध्ये वेदना मेंदूत दिसते असं वाचलंत तर तोच सरळ का करत नाहीत.

मी रेडिओलॉजिस्ट आहे, 24 वर्षं दिवसभर हेच बघते. तुमच्या चार प्रश्नांच्या मागे मला एकच प्रश्न दिसतो: रिपोर्टात लिहिलंय त्याच्यामुळेच आईला दुखतंय का? आईंना न तपासता मी याचं हो-नाही देऊ शकत नाही. पण ते कसं ठरवतात आणि कशाकशावर अवलंबून असतं, हे नक्की सांगू शकते.

आधी 'बल्ज' या शब्दाची भीती घालवू. 1994 साली अमेरिकेत पाठ अजिबात न दुखणाऱ्या 98 जणांचे कमरेचे एमआरआय काढले होते. त्यातल्या 52 टक्के लोकांत निदान एका पातळीवर डिस्क बल्ज होता. सगळ्या चकत्या व्यवस्थित आहेत अशी माणसं जेमतेम 36 टक्के निघाली. पुढे 2015 मध्ये काहीही त्रास नसलेल्या तीन हजारांवर लोकांच्या तपासण्या एकत्र करून पाहिल्या, तर बल्जचं प्रमाण विशीत 30 टक्के, पन्नाशीत 60 आणि ऐंशीत 84 टक्के दिसलं. म्हणजे 58 व्या वर्षी रिपोर्टात बल्ज नसता तर मला जास्त नवल वाटलं असतं. चाळिशीचा चष्मा लागला म्हणून डोळ्याला रोग झाला असं कोणी म्हणत नाही, पण चकती वाळली की घरात 'मणक्यात गॅप' म्हणून सुतक पडतं. हा दोष थोडा आमचाही आहे. आम्ही वयाप्रमाणे अपेक्षित असलेले बदल आणि खरी भानगड एकाच दमात, एकाच सुरात लिहून टाकतो.

मग खरी भानगड ओळखायची कशी? बाजू आणि पातळी जुळवून. एल-4-5 ची गादी एका बाजूला घसरली की सहसा त्या बाजूची एल-5 शीर दबते. अशा माणसाची कळ कुल्ल्यातून मांडीच्या आणि पोटरीच्या बाहेरच्या अंगाने उतरून पावलाच्या वरच्या भागावर, अंगठ्याकडे येते. जोर गेला असेल तर अंगठा वर उचलता येत नाही, टाचांवर चालता येत नाही. एल-5-एस-1 ला घसरली तर एस-1 शीर दबते. तेव्हा कळ पोटरीच्या मागून तळव्याकडे, करंगळीच्या बाजूला जाते, आणि जोर गेला तर चवड्यांवर उभं राहणं जमत नाही. आईंच्या रिपोर्टात 'डिफ्यूज' म्हणजे चहूबाजूंनी सारखा फुगवटा आहे आणि फोरामिना 'दोन्ही बाजूंच्या' अरुंद आहेत. दुखतं मात्र फक्त डावीकडे. हे मला जरा खटकतं. डावीकडे एखादा छोटा तुकडा घसरलाय आणि तो लिहायचा राहिला, असं असू शकतं. कळेचं मूळ मणक्यात नाहीच, असंही असू शकतं. आणि कळ चालल्यावर येते, वाकलं किंवा बसलं की थांबते, असं असेल तर आणखी वेगळा विचार करावा लागतो. तेव्हा मज्जारज्जूच्या नळीची एकूण रुंदी महत्त्वाची ठरते, एकट्या चकतीला धरून बसता येत नाही.

शेजाऱ्यांच्या ऑपरेशनबद्दल. गादी घसरून पायात आलेली कळ बहुतेकांची सहा ते बारा आठवड्यांत ऑपरेशनशिवाय कमी होते. घसरलेला तुकडा हळूहळू आक्रसून शरीर त्याची विल्हेवाट लावतं, हे आम्ही नंतरच्या एमआरआयमध्ये डोळ्यांनी बघतो. गंमत अशी की मोठे, पूर्ण बाहेर पडलेले तुकडे छोट्या बल्जपेक्षा जास्त वेळा विरतात. म्हणून धोक्याची लक्षणं नसतील तर पहिले सहा आठवडे एमआरआय करूच नये, असंच बहुतेक मार्गदर्शक नियम सांगतात. मात्र काही लक्षणं दिसली तर एक दिवसही थांबू नका: लघवी अडकणं किंवा नकळत होणं, शौचाच्या जागेभोवती बधिरपणा, पाऊल लुळं पडत जाणं, ताप, वजन उतरणं, आधी कधी कॅन्सर झालेला असणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं.

एल-3 मधला हिमँजिओमा म्हणजे मणक्याच्या हाडातला रक्तवाहिन्यांचा छोटा पुंजका. दहातल्या एकाच्या मणक्यात तो असतो आणि जवळजवळ नेहमीच निरुपद्रवी असतो. तो विसरून जा.

आता माझीच एक चूक सांगते. 2006 सालची गोष्ट. चाळिशीतले एक गृहस्थ कंबर आणि मांडीच्या दुखण्यासाठी आले होते. चिठ्ठीवर डॉक्टरांनी 'एलबीए' एवढंच खरडलं होतं, म्हणजे कंबरदुखी. एल-4-5 ला बल्ज होता, मी इमानदारीत लिहिला. पाच महिन्यांनी ते लंगडत परत आले. खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा बंद पडून हाड मरत चाललं होतं. मी जुन्या फिल्म काढून पाहिल्या, तर सुरुवातीच्या अंदाज घेणाऱ्या चित्रात, अगदी कडेला, तो खुबा अर्धा दिसत होता. मी चकत्या मोजण्यात गुंतले होते. तेव्हापासून कंबरेच्या प्रत्येक एमआरआयला मी एक जादा चित्रमालिका लावते, ज्यात दोन्ही खुबे आणि माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीचे सांधे येतात. चार मिनिटं जास्त लागतात. तुमच्या सीडीत तसं काही आहे का, ते विचारा.

हे 'लावते' म्हणजे काय, ते थोडं उलगडून सांगते, कारण तुमच्या पुढच्या दोन प्रश्नांची उत्तरं त्यातच आहेत. आपल्या अंगात पाणी आणि चरबी भरपूर, म्हणजे हायड्रोजन भरपूर. मोठ्या चुंबकात हायड्रोजनची केंद्रकं एका ठरावीक लयीत डोलतात. 1.5 टेस्लाला ही लय सुमारे 64 मेगाहर्ट्झ, म्हणजे आपला एफएम रेडिओ जिथे सुरू होतो त्याच्या जरा खाली. झोक्याला त्याच्या लयीत धक्का दिला तरच तो चढतो. तसंच नेमक्या त्या लयीच्या रेडिओलहरींनी त्यांना धक्का द्यायचा, मग थांबायचं, आणि ती पूर्वपदाला येताना काय संदेश देतात ते ऐकायचं. (बाहेरचा रेडिओ मध्ये खरखरू नये म्हणून खोलीला आतून तांब्याचं वेष्टण असतं. दार घट्ट लावण्याचं एक कारण हेच.) कोणता संदेश शरीराच्या कुठल्या ठिकाणाहून आला, हे ओळखायची युक्ती पॉल लॉटरबर यांनी 1973 मध्ये दाखवली: चुंबकाचा जोर जागोजागी थोडा बदलायचा, म्हणजे प्रत्येक जागेची लय वेगळी होते. तुम्हाला आत जी ठकठक ऐकू येते ती तो जोर बदलणाऱ्या वेटोळ्यांची. लॉटरबर आणि पीटर मॅन्सफिल्ड यांना 2003 चं नोबेल मिळालं. गाठीतलं पाणी निरोगी भागातल्या पाण्यापेक्षा सावकाश पूर्वपदाला येतं, हे 1971 मध्ये दाखवणारे रेमंड डॅमेडियन त्यात नव्हते, म्हणून त्यांनी वर्तमानपत्रांत पानभर निषेधाच्या जाहिराती दिल्या होत्या. आमच्या शाखेत हा वाद अजूनही चहावर निघतो.

मुद्दा असा की एमआरआय म्हणजे एक फोटो नव्हे. आम्ही ठरवतो काय ऐकायचं. एका मालिकेत पाणी पांढरं दिसतं, दुसरीत चरबी, तिसरीत चरबी दाबून टाकली की हाडातली सूज दिव्यासारखी उजळते. कंबरदुखीच्या नेहमीच्या ठरलेल्या मालिका वेगळ्या, जंतुसंसर्गाच्या शंकेच्या वेगळ्या. आणि शंका कसली आहे हे आम्हाला कळतं ते फक्त चिठ्ठीवरून.

काही वर्षांपूर्वी एक तरुण शिक्षिका आली होती. चिठ्ठीवर पुन्हा तेच 'एलबीए'. एक्स-रे चांगला होता. आमच्या टेक्निशियनची सवय अशी की गाऊन देतानाच तो गप्पा मारतो. 'संध्याकाळी अंग गरम लागतं का हो ताई?' त्याने सहज विचारलं. ती म्हणाली, 'लागतं की, पण मला वाटलं शाळेतली दगदग.' वजनही पाच किलो उतरलं होतं. तो बाहेर येऊन मला म्हणाला, 'मॅडम, चरबी दाबून घेऊ आणि वरपर्यंत घेऊ.' कंबर साफ होती. पण बरगड्यांच्या शेवटाला, अकराव्या-बाराव्या मणक्यात, मधल्या चकतीसकट सूज पेटलेली होती आणि बाजूच्या स्नायूत पू उतरला होता. मणक्याचा टीबी. एक्स-रेवर तो दिसायला हाड बरंच खाल्लं जावं लागतं, एमआरआयवर तो कितीतरी आधी दिसतो. सुईने नमुना घेऊन खात्री केली, औषधं चालली, पाय वाचले. नुसती ठरलेली कंबर काढून पाठवली असती तर रिपोर्ट 'नॉर्मल' गेला असता, आणि तो खोटाही नसता.

दुसऱ्या अवयवांतही तेच. झोपेतून उठतानाच तोंड वाकडं दिसलं, तर अर्धांगाचा झटका नक्की कधी आला हे कोणालाच माहीत नसतं, आणि गुठळी विरघळवणाऱ्या औषधाची वेळ साडेचार तासांची. पाण्याच्या कणांची हालचाल मोजणाऱ्या मालिकेत झटक्याची जागा चटकन दिसते, दुसऱ्या एका मालिकेत ती काही तासांनी उमटते. पहिलीत आहे आणि दुसरीत अजून नाही, म्हणजे झटका ताजा. 2018 मध्ये युरोपातल्या एका चाचणीने या हिशेबावर औषध देऊन रुग्णांना फायदा होतो हे दाखवलं. त्याच वर्षी प्रोस्टेटबद्दल 500 पुरुषांवरची चाचणी आली: आधी एमआरआय करून संशयाच्या जागीच सुई घातली तर महत्त्वाचा कॅन्सर 38 टक्क्यांत सापडला, अंदाजाने सगळीकडे सुया घातल्या तर 26 टक्क्यांत. दोन्हींत प्रश्न नेमका होता, म्हणून उत्तर उपयोगी पडलं. 'सगळं अंग एकदा बघून टाका' म्हणून येणाऱ्यांना मी सहसा परत पाठवते. काही ना काही सापडतंच, मग ते निरुपद्रवी आहे हे सिद्ध करण्यात वर्ष जातं.

आता 3 टेस्ला. चुंबक दुप्पट म्हणजे संदेशही ढोबळमानाने दुप्पट. मेंदूतली बारीक रचना, प्रोस्टेट, मनगटाचे छोटे लिगामेंट यांना त्याचा फायदा होतो. कंबरेच्या चकत्या आणि शिरांसाठी चांगला 1.5 टेस्ला पुरेसा असतो. उलट शरीरात धातू असेल तर त्याच्याभोवतीचा काळा डाग जास्त चुंबकात जास्त पसरतो. आईंचा एमआरआय जुन्या, कमी ताकदीच्या उघड्या मशीनवर झाला असेल, किंवा त्या हलल्यामुळे चित्रं पुसट आली असतील, तर पुन्हा करण्यात अर्थ आहे. नाहीतर पुण्याच्या फेरीचे पैसे वाचवा आणि आहे तीच सीडी कोणाला तरी नीट दाखवा. सीडीच, फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो नव्हे.

गुडघ्याची काळजी नको. सांध्यात बसवतात ते टायटॅनियम किंवा कोबाल्ट-क्रोमियमचे मिश्रधातू चुंबकाकडे ओढले जात नाहीत. ते फक्त आजूबाजूचं चित्र खराब करतात, आणि गुडघा कंबरेपासून चांगला दूर आहे. हृदयातले स्टेंटही चालतात. पेसमेकर असेल तर मॉडेल बघावं लागतं, काही चालतात, काही नाही. मला खरी भीती वाटते ती न सांगितलेल्या गोष्टींची. एमआयडीसीत ग्राइंडरवर काम करणारा माणूस आला की मी डोळ्यात कधी कीस गेला होता का, हे दोनदा विचारते. शंका असेल तर आधी डोळ्याचा एक्स-रे. बुबुळात अडकलेला लोखंडाचा कण चुंबकात हलला तर दृष्टी जाऊ शकते. आज्यांच्या बाबतीत चाचपणी कपडे बदलण्याच्या खोलीत चालते: जोडवी, आंबाड्यातले आकडे, करदोड्याला बांधलेली किल्ली, आणि निऱ्यांत, पदरात, ब्लाउजच्या आत खोचलेल्या सेफ्टी पिना. परवा एकीच्या अंगावरून अकरा पिना निघाल्या, आणि बारावी तिला स्वतःलाच आठवत नव्हती. हे चुंबक चोवीस तास चालू असतं, पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या तीस हजार पटींहून जोरात. जानेवारी 2018 मध्ये मुंबईतल्या एका रुग्णालयात रुग्णाचा नातेवाईक ऑक्सिजनचं सिलिंडर घेऊन आत गेला आणि जिवाला मुकला. मशीन बंद आहे असं त्याला सांगितल्याचं तेव्हा बातम्यांत आलं होतं. दार उघडं दिसलं, आवाज थांबलेला असला, तरी कोणी सांगितल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही.

राहिला फंक्शनल एमआरआय. तुमचा हा प्रश्न मला सगळ्यात आवडला. मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की तिकडे रक्त वाढतं, आणि प्राणवायू सोडलेल्या रक्ताचं चुंबकीय वागणं वेगळं असतं. 1990 मध्ये सेइजी ओगावा यांनी हा फरक चित्रात पकडला. 2013 मध्ये टोर वेगर आणि सहकाऱ्यांनी निरोगी माणसांच्या हाताला नुसती ऊब आणि चटका देऊन, मेंदूच्या चित्रावरून चटका कोणता हे नव्वद टक्क्यांहून जास्त वेळा ओळखलं. तुम्ही वाचलंत ते बहुधा यातूनच आलेलं. पण तिथे चटका कुठे आणि किती हे संशोधकांना आधीच माहीत होतं, आणि तोच पुन्हापुन्हा देऊन सरासरी काढली होती. आईंच्या दीड महिन्याच्या दुखण्याला असं बटण दाबून चालू-बंद करता येत नाही. आणि समजा मेंदूत वेदना दिसलीच, तर त्यावरून फार तर 'दुखतंय' एवढं कळेल. ते आई तुम्हाला चित्राशिवायही सांगताहेत. शीर कुठे दबलीय हे मेंदूच्या चित्रातून कळत नाही.

शिवाय ही चित्रं हिशेबातून तयार होतात, आणि हिशेब ढिला असला की काहीही दिसतं. 2009 मध्ये क्रेग बेनेट आणि मंडळींनी एक मेलेला सॅमन मासा मशीनमध्ये ठेवला, त्याला माणसांचे फोटो दाखवले, आणि 'हा माणूस कोणत्या भावनेत आहे?' असं विचारलं. आवश्यक ती दुरुस्ती न करता गणित केल्यावर माशाच्या मेंदूत हालचाल 'दिसली'. आम्हा लोकांना जमिनीवर ठेवायला तो मासा पुरेसा आहे. एमआरआयने संशोधनाला दिलंय ते अफाट आहे. ब्रिटनमध्ये 1 लाख स्वयंसेवकांचे मेंदू, हृदय आणि पोट स्कॅन करून ठेवलेत, रोग दिसण्याआधी काय बदलतं हे त्यातून शोधताहेत. पण तिथली उत्तरं समूहाची असतात. ती उचलून एका आईच्या कंबरेला लावता येत नाहीत. ऑपरेशनच्या आधी भाषेची किंवा हाताची जागा सांभाळायला मेंदूच्या गाठीच्या रुग्णात फंक्शनल एमआरआय मी करते. कंबरदुखीत नाही.

तर आता करायचं काय? ऑर्थोपेडिक किंवा न्यूरोसर्जनकडे आईंना घेऊन जा, फक्त रिपोर्ट नको, आणि त्यांनी पाय तपासल्याशिवाय तिथून उठू नका. जाण्याआधी घरी एवढं करा: भिंतीला हात धरून त्यांना दहा पावलं टाचांवर आणि दहा चवड्यांवर चालायला सांगा. डावा अंगठा तुम्ही खाली दाबत असताना त्यांना वर उचलता येतो का ते पाहा. कळ अंगठ्याकडे जाते की करंगळीकडे, चालल्यावर वाढते की बसल्यावर, आणि मांडी घालून बसताना जांघेत दुखतं का, हे विचारून मला कळवा. जांघेत दुखत असेल तर खुब्याचा विचार आधी करू.